इंजिनाची धग आणि पायांची जाण

गेल्या पंधरवड्यात राहुरी तालुक्यातील एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे यजमान बासष्ट वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्याच्या जोडीला रक्तदाब. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून मुलीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला, आणि आता उरलेल्या रकमेतून त्यांना तरुणपणापासून मनात असलेली एक मोठी, वेगवान मोटारसायकल घ्यायची आहे. मुलाचा विरोध आहे. तो अपघाताचे भय दाखवतो. यजमान म्हणतात, चाळीस वर्षे दुचाकी चालवली, एकदाही पडलो नाही. दोघांचा अबोला चालू आहे आणि या भगिनी मध्ये सापडल्या आहेत.

गाडी पाहायला त्याही गेल्या होत्या. दुकानदाराने गाडी सुरू करून दाखवली, चार-पाच मिनिटे तशीच सुरू ठेवली. यांनी सहज हात जवळ नेला, तर चुलीपुढे बसावे तशी धग लागली. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘मोठे इंजिन तापायचेच, सवय होते.’ भगिनींचा प्रश्न असा : एवढी धग असलेली गाडी घ्यावी का, की धग ही लक्ष देण्यासारखी बाबच नव्हे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उलट, घरातील वडीलधाऱ्यांच्या वाहनाविषयी विचारण्याजोगा याहून नेमका प्रश्न मला सुचत नाही. तो का, हे सांगण्यासाठीच आजचा लेख.

धग येते कोठून?

आपला जिल्हा दुचाकींना परका नाही. १९७२ साली बाजारात आलेली ‘लुना’ ही कायनेटिक कंपनीची गाडी आपल्याच नगरला, दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात तयार होत असे. पन्नास सीसीचे ते चिमुकले इंजिन. वाऱ्यावरच थंड व्हायचे आणि मागे बसलेल्याच्या पोटरीला क्वचित चटका देण्यापलीकडे कोणाला त्रास द्यायचे नाही. पुढे २०१६ च्या सुमारास त्याच उद्योगसमूहाने एमव्ही ऑगस्टा या इटालियन कंपनीच्या महागड्या मोटारसायकली नगरला जोडण्यास आरंभ केला. त्यांतील एफ-३ नावाच्या गाडीचे इंजिन ७९८ सीसीचे आणि सुमारे १४८ अश्वशक्तीचे. एकाच गावाने दुचाकीची ही दोन टोके पाहिली.

या दोन टोकांतील फरक केवळ वेगाचा नाही. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच चाक फिरवण्यास उपयोगी पडते. बाकीची सारी उष्णता होऊन सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. गाडी वेगात असेल तर वारा ती मागे वाहून नेतो. परंतु दिल्लीगेटच्या गर्दीत किंवा उड्डाणपुलाखालच्या रांगेत गाडी सुरू ठेवून उभे राहिले, की ती कोणतेच काम करीत नसते. त्या वेळी जळणाऱ्या पेट्रोलची जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णताच होते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन मांड्यांमध्ये केवढी शेगडी धरून आपण सिग्नलला उभे असतो याची कल्पना येईल.

त्यातच शर्यतीच्या धर्तीच्या गाड्यांची ठेवण अशी, की इंजिनाभोवती प्लॅस्टिकचे आवरण असते. पाणी फार तापले की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि ती गरम हवा थेट चालवणाऱ्याच्या मांड्यांवर व नडगीवर येते. काही इंजिनांत मागचा सिलिंडर नेमका आसनाखाली असतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण तो धूर शुद्ध करणारे उपकरण स्वतः अतिशय तापूनच काम करते आणि अनेक गाड्यांत ते पायांच्या जवळ असते. धग ही काल्पनिक तक्रार नाही, हे उत्पादकांनाही ठाऊक आहे. डुकाटी कंपनीने आपल्या पानिगाले व्ही-४ या गाडीत उभे असताना, इंजिन तापलेले असल्यास, मागचे दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय केली आहे. चालवणाऱ्याच्या मांड्या भाजू नयेत, एवढाच तिचा हेतू.

निरोगी माणसाचे काय होते?

आपल्या त्वचेला साधारण ४३ ते ४५ अंश सेल्सियसच्या पुढे वेदना जाणवू लागते. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याची मोजदाद केली. तिचे सार असे : ४४ अंशांच्या संपर्कात त्वचा भाजण्यास सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना मात्र पाच सेकंदांच्या आसपास पुरतात, आणि ७० अंशांना एका सेकंदाचीही गरज नसते. नुकत्याच बंद केलेल्या मोटारसायकलचा सायलेन्सर याहून कितीतरी अधिक तापलेला असतो.

असे असूनही बहुतेक चालक भाजत नाहीत, कारण वेदना त्यांना वेळेवर सावध करते. गुडघा तापला की माणूस नकळत तो बाहेर काढतो, सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करतो, सायलेन्सरला पोटरी टेकताच पाय झटकन मागे घेतो. तरुण मुले ‘सवय होते’ म्हणतात, तेव्हा खरे तर हे पाय हलवण्याचे काम सवयीने आपोआप होऊ लागलेले असते. थोडक्यात, गाडीची धग कितीही असो, तिच्यापासून आपले रक्षण गाडी करीत नाही. आपली जाणीव करते.

जाणीवच हरवली असेल तर?

वाचकहो, मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा झाला की अनेकांच्या पायांच्या नसा क्षीण होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळपाय जळजळतात, रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. पुढे ही जळजळ थांबते. घरच्यांना वाटते, बरे झाले, त्रास गेला. प्रत्यक्षात त्रास कळवणारी तारच तुटलेली असते. चपला पायातून निसटतात आणि चार पावले पुढे गेल्यावर लक्षात येते, ही या अवस्थेची आपल्या बाजूला सर्वांत ओळखीची खूण. उन्हाळ्यात अनवाणी देवदर्शन करून आलेल्या अशा रुग्णांच्या तळव्यांवर मोठमोठे फोड मी दरवर्षी पाहतो. फरशी तापली होती हे त्यांना इतरांच्या तोंडून कळते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले, ते ताप आला म्हणून. तपासताना उजव्या पायाचा मोजा निघेना. घोट्याच्या वरच्या बाजूस तो त्वचेला चिकटला होता. भिजवून काढला, तेव्हा आत तळहाताएवढी खोल भाजल्याची जखम, पू धरलेली. आठवडाभरापूर्वी मुलाच्या नव्या गाडीवर मागे बसून लग्नाला जाऊन आल्याचे त्यांना आठवले. पाय कोठे टेकला होता हे काही आठवेना, कारण टेकल्याचे त्यांना कधी कळलेच नव्हते. ड्रेसिंगसाठी ते अडीच महिने येत होते. पाय वाचला, पण घरातील सर्वांना एकच गोष्ट समजत नव्हती : ‘एवढे भाजले आणि ओरडले कसे नाहीत?’

ते ओरडले नाहीत, कारण दुखले नाही. धग सर्वांना सारखीच लागते असे आपण गृहीत धरतो, तेथेच चूक होते. तरुण मुलाला जी धग केवळ गैरसोय वाटते, ती बधिर पायाच्या माणसाला वाटतही नाही. आणि म्हणूनच ती त्याच्या बाबतीत धोक्याची होते. वयानुसार त्वचा पातळ झालेली असते, रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि साखर वाढलेली असल्यास जखम भरण्यास विलंब लागतो.

भाजण्याएवढी नसली तरी रोजची धग त्वचेवर खूण ठेवते. शेकोटीपुढे किंवा चुलीपुढे वर्षानुवर्षे बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग दिसतात. मांडीच्या किंवा पोटरीच्या आतल्या बाजूस असे जाळीदार डाग उमटू लागले, तर तेवढी उष्णता तेथे रोज पोहोचत आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

अंगातली उष्णता

त्वचेबरोबर सबंध शरीराचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे आणि खालून इंजिनाची धग, एवढे सगळे घेऊन घाम गाळणे हे साठीनंतरच्या शरीरास जड जाते. या वयात तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. त्यात औषधांची भर पडते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसेच लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात. लघवीची घाई थांबवणारी काही औषधे आणि कंपवातावरील काही औषधे घाम रोखतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे तापलेल्या शरीराला जुळवून घेणे अवघड होते. कृपया यांतील कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना मात्र आपण अशी गाडी चालवतो किंवा चालवणार आहोत, हे अवश्य सांगावे.

तापलेल्या अंगाने गाडीवरून उतरताना त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. उभे राहताच रक्तदाब झरकन उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तो क्षण नेमका दोनशे किलोंच्या आसपासचे वजन एका पायावर तोलण्याचा असतो.

पाय तपासा, मग गाडी

घरच्या घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. ज्येष्ठांना पलंगावर आडवे होऊन डोळे मिटण्यास सांगावे. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून, एक-दोन सेकंद, अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत, पुन्हा स्पर्श करू नये. स्पर्श जाणवताच त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाल्याची शक्यता फार. इंग्लंडमधील इप्सविच येथे रूढ झालेली ही चाचणी सोपी असली तरी विश्वासार्ह आहे. मात्र ती फक्त स्पर्श तपासते. उष्णतेची जाणीव कधीकधी स्पर्शाच्या आधीच हरपते. म्हणून डॉक्टरांकडे दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा, ट्यूनिंग फोर्क आणि गार-ऊन यांची परीक्षा करून घ्यावी. मधुमेही व्यक्तीने गाडी घ्यायची नसली तरी ही तपासणी वर्षातून एकदा करावयाचीच असते. गरम पाण्यात पाय घालून घरी परीक्षा पाहण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

आणि येथे मुलाच्या भीतीचा मुद्दाही आपोआप पुढे येतो. उजव्या पायाला सायलेन्सरची धग कळत नसेल, तर त्याच पायाखालचा ब्रेक किती दाबला गेला, हे तरी त्याला कसे कळणार? डाव्या पायाला गिअर कसा कळणार? धगेविषयीचा आईचा प्रश्न आणि अपघाताविषयीचे मुलाचे भय हे दोन वेगळे विषय नाहीत. दोहोंचे उत्तर पायांच्या त्याच तपासणीत आहे.

मग गाडी घ्यावी का?

धगेचा विचार अवश्य करावा. फक्त ‘ही गाडी किती तापते?’ एवढेच न विचारता ‘ती कोणाच्या पायांजवळ, कोठे आणि केव्हा तापणार?’ असे विचारावे.

पायांची जाणीव शाबूत असेल, साखर आणि रक्तदाब ताब्यात असतील, तर केवळ वयामुळे कोणाची हौस मोडावी असे मला वाटत नाही. पहाटे गार वाऱ्यात डोंगरगणापर्यंत किंवा पावसाळ्यात भंडारदऱ्यापर्यंत जाऊन येणारा समाधानी माणूस पाहण्यात वैद्याला आनंदच आहे. मात्र गाडी ठरवताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, चालवून पाहणे सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नको. ज्या गर्दीतून रोज जायचे, त्या गर्दीतून संध्याकाळी अर्धा तास चालवावी. पंखा सुरू होऊ द्यावा आणि धग मांडीला, नडगीला, घोट्याला नेमकी कोठे लागते ते पाहावे. मागे बसणाऱ्यांनीही बसून पाहावे. सायलेन्सर वर उचललेला असेल, तर तो त्यांच्याच पायाशी येतो.

दोन, वापर गावातल्या गावात, बाजारहाट आणि बँकेपुरता असेल, तर अशी गाडी घेऊ नये. तिची सगळी धग थांबण्यात आहे आणि आपला सगळा प्रवासही थांबण्याचाच.

तीन, घोटा झाकणारे चामड्याचे बूट आणि जाड पूर्ण पँट यांना पर्याय नाही. अर्धी पँट, सपाता आणि अशी गाडी हे एकत्र नकोच. नायलॉन-टेरिकॉट कापड तापून त्वचेला चिकटते, म्हणून सुती किंवा खास चालकांसाठी केलेले कापड वापरावे.

चार, बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून चढ-उतार नेहमी डावीकडून करावी. अंगणात नुकत्याच लावलेल्या गाडीजवळ नातवंडांना खेळू देऊ नये. लहान मुलांच्या पोटऱ्या भाजण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

पाच, उन्हाळ्यात दुपारी अकरा ते चार गाडी घरीच ठेवावी, आणि घरी आल्यावर दोन्ही पाय स्वतः किंवा घरातील कोणी तरी नीट पाहावेत. पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

पायांची जाणीव गेली असेल, तर अशी गाडी घेऊ नये. येथे माझे मत ठाम आहे. बधिरपणा बराच असेल, तर कोणतीही दुचाकी चालवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सौम्य असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर कमी शक्तीची किंवा विजेवरची, पायाखाली ब्रेक-गिअर नसलेली गाडी अधिक बरी. विजेच्या गाडीला सायलेन्सरच नसतो. लुनाचाही विजेवर चालणारा अवतार फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आला आहे. अमुकच गाडी घ्या, असे माझे सांगणे नाही. थंड पर्याय उपलब्ध आहे, एवढेच सुचवायचे.

तरुण नातवासाठी गाडी घेणाऱ्या आजोबांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो. पुरुषाच्या वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी असावे लागते. दीर्घकाळच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या घटू शकते. नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. अपत्यासाठी उपचार चालू असतील, तर त्या काळात रोज तासन्‌तास अशी गाडी चालवणे टाळावे. इतरांनी भयभीत होण्याचे कारण नाही.

भाजलेच तर

भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या, साध्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. सूज येण्याआधी पैंजण, जोडवी, मोजे काढावेत. मोजा चिकटला असेल तर ओढू नये. फोड फोडू नये. मधुमेही व्यक्तीने जखम लहान असली, दुखत नसली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. न दुखणारी जखम अधिक काळजीची असते. उन्हातून आल्यावर कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, भोवळ आली, तर सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस एवढेच सांगेन. गाडीजवळ हात नेला तेव्हा आपल्याला धग लागली आणि आपण हात मागे घेतला. यजमानांच्या पायाला ती तशीच लागेल का, हे आधी पाहून घेऊ. दुकानात पुन्हा जाण्यापूर्वी त्यांना दवाखान्यात घेऊन जा, आणि मुलालाही बरोबर न्या. बूट-मोजे काढून, डोळे मिटून त्यांना दहा मिनिटे बसू द्या. त्यानंतर जो निर्णय होईल, तो पत्नीच्या काळजीचा किंवा मुलाच्या हट्टाचा नसेल. तो त्यांच्या स्वतःच्या पायांनी दिलेला असेल, आणि तो स्वीकारणे तिघांनाही सोपे जाईल.